वरची बाजू

कौनासबाहेर, बंद पडलेल्या लिननच्या गिरणीत
मी एक तळघर बांधलं, जमिनीपासून चार फूट वर.
हसू नका. सिनेमातलं तळघर असंच असतं.
एक भिंत बिजागरीवर, दुसरी चाकांवर,
कॅमेऱ्याला खालून शिरता यावं म्हणून.
आणि छत नाहीच. छताच्या जागी दिवे.

माप कागदावर होतं: उंची दीड मीटर,
रुंदी एवढी, की कूस बदलली
तर कोपर मातीला घासावं.
या मापात युओझापस ग्रिगालिस नऊ वर्षं राहिला.
युद्ध संपल्यावरची नऊ वर्षं.
शिपाई त्याला जंगलात हुडकत होते
आणि तो स्वयंपाकघराखाली, बीट-बटाट्यांच्या शेजारी.
सिनेमा त्याच्यावर. त्याची वही, त्याचे दात, त्याची दाढी.
नटाने अकरा किलो वजन उतरवलं होतं
आणि भेटेल त्याला तो ते सांगत असे.

भिंतींना मी कॉफीचा चोथा फासला,
ओल दिसावी म्हणून वर ग्लिसरीन.
वास सोडून सगळं आलंय, गिंतारे म्हणाली.
ती दिग्दर्शिका. सहसा एवढंही म्हणत नाही.

मार्चमध्ये त्याची बायको आली, यादविगा.
वय ब्याण्णव. लोकरी टोपी, हातात पिशवी,
पिशवीत आम्हा सगळ्यांसाठी उकडलेली अंडी.
तिने तळघराला एक फेरी घातली,
भिंतीला बोट लावलं, हुंगलं.
‘कॉफी,’ म्हणाली.
मग वर पाहिलं, दिव्यांकडे, बराच वेळ.
‘आणि माझी जमीन कुठाय?’

कुणाला काही कळेना.

‘आत मी दोनदाच उतरले.
एकदा त्याला ताप होता तेव्हा, एकदा मला.
बाकी मी वरच. त्याचं छत ती माझी जमीन.
नऊ वर्षं केर काढलाय मी तिच्यावर.’

गिंतारेने घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे.
मी पाइनच्या फळ्या आणल्या, आडव्या टाकल्या.
म्हातारीने एकेक फळी पायाने चाचपली
आणि चौथी काढायला लावली.
‘ही मुकी आहे. बोलणारी दे.’
तशी फळी शोधायला मला तास लागला.
फळ्यांची तोंडं बंद करण्यातच
सुताराचा जन्म जातो.

मग बूट काढून ती चालली.
चुलीपासून खिडकीपर्यंत, चौथीला चुकवून:
सगळं ठीक.
खिडकीपासून दारापर्यंत, चौथीवर, टाच दाबून:
कुणी येतंय, श्वास धर.
आणखी एक चाल होती,
तीन पावलं, थांबून एक.
हिचा अर्थ? कुणीतरी विचारलं.
‘त्याला माहीत होता,’ ती म्हणाली
आणि बूट घालायला बसली.

खाली नट पाठीवर पडून होता.
साउंडवाला हेडफोन दोन्ही हातांनी दाबून,
आणि कट म्हणायचं गिंतारेला सुचलं नाही.
नट वर आला तेव्हा
अकरा किलोंबद्दल काही बोलला नाही.
एक अंडं घेतलं, कोपऱ्यात जाऊन सोलत बसला.

सिनेमात त्यातली वीस सेकंदं उरली.
नामावलीत तिचं नाव सल्लागारांत आहे,
एक अक्षर चुकलेलं.

पहिल्या खेळाला मी तिच्या शेजारी होतो.
पडद्यावर झाकण पडलं. थिएटर काळंकुट्ट.
लोक पुढे झुकले, सगळे त्याच्यासोबत खाली.
माझ्या बाजूची खुर्ची तेवढी किंचित करकरली.
उजेड यायला बराच वेळ लागला.
आला तेव्हा दिसलं:
बूट बाजूला काढून ठेवलेले,
आणि तिची दोन्ही पावलं, लोकरी मोज्यांतली,
जमिनीपासून वीतभर वर,
थरथरत, अधांतरी धरलेली.