दोन कंटेनरांमधली फट

रुवैसमध्ये आगीला तोटा नाही.
रिफायनरीच्या चिमणीवर ती बारमाही,
तिच्या उजेडात मी एकदा
पायातली कुसळ काढलीय, कँपात बसून.
पण तिला शेकता येत नाही.

आमची आग रंगाच्या डब्यात,
दोन कंटेनरांच्या फटीत, वारा चुकवून,
फोडलेल्या पॅलेटची.
तिथे लियाकतचाचा परकार सांगायचे:
आंजर्ल्याच्या खाडीत रात्री होडी येते,
वल्हं चालतंय, वल्हवणारा नाही...
आणि नेमके इथेच विडी पेटवायचे.
'उद्या.'
चार हिवाळे झाले, होडी काठाला लागली नाही.

नोव्हेंबरात त्यांचा व्हिसा संपला.
बॅगेचं वजन दोनदा केलं,
गोष्ट राहिली.
त्यांची पालथी बादली तशीच आहे;
कुणी बसत नाही, कुणी सरकवतही नाही.

काल डंबर गुरुंग,
ज्याला मराठीचं अक्षर कळत नाही,
निखारे सारता सारता
मोडक्या हिंदीत म्हणाला,
मग ती होडी बर्फात अडकली.

खाडीत बर्फ!
कुणी हसलं नाही.
मी आणखी एक फळी मोडून डब्यात टाकली.
मग?