साक्षीदाराची पाठ

माझं नाव यॉर्डांका. सेटवर जॉर्डन म्हणतात.
म्हणू देत. पाकिटावर नाव बरोबर असतं.

चेहरा तिचा, लॉस एंजेलिसहून आलेल्या मुलीचा,
जिला आमची थंडी सोसत नाही.
पाठ माझी.
जिन्यावरून गडगडते ती मी,
काच फोडून पडते ती मी,
हिरो जिचं डोकं दाबून ओरडतो, "खाली वाक!"
ते डोकं माझं; वर पिंगट टोप,
टोपाखाली एक्केचाळीस वर्षांचे केस.
पाठ राखणं हिरोचं काम,
पाठ असणं माझं.

हा भाग तिसरा. एकोणीस दिवसांत उरकायचाय.
पहिला थिएटरात लागला होता म्हणे,
दुसऱ्यात हिरो बदलला,
हा थेट डीव्हीडीवर; पेट्रोल पंपावर, च्युइंगमच्या शेजारी.
दुसऱ्यात ज्या साक्षीदाराला नव्वद मिनिटं
जिवावर उदार होऊन वाचवलं,
तो तिसऱ्याच्या पहिल्याच मिनिटाला मरतो,
फोनवर, एका वाक्यात,
कारण नटाने पैसे वाढवून मागितले.

व्हिटोशा डोंगराच्या पायथ्याशी एक न्यूयॉर्क आहे.
दीड गल्ली. टॅक्स्या तीन, त्याच फिरून फिरून येतात.
बँकेच्या दारामागे बँक नाही,
ओग्न्यान सुतार तिथे बसून पाव खातो
लाल मिरचीच्या चटणीशी.
गोळीबार चालू असला तरी घास थांबत नाही त्याचा.

प्लोव्हदिव्ह, शहाण्णव साल, नोव्हेंबर.
मी ट्रॉलीबसच्या थांब्यावर.
समोर मेतोदीची टपरी, सिगारेटी आणि वर्तमानपत्रं.
जाड मानेचे तिघे आले, पूर्वाश्रमीचे कुस्तीगीर,
ते विमा विकायचे तेव्हा.
मेतोदीने तीनदा नाही म्हटलं होतं.
आमच्या देशात बेसबॉल कुणी खेळत नाही,
पण बॅटी त्या वर्षी फार झाल्या होत्या.

त्यातला एक माझ्या क्रीडाशाळेतला, शेजारच्या हॉलमधला.
काम झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं
आणि मान हलवली, खाली-वर, सावकाश.
परक्याला वाटेल, हो म्हणतोय.
आमच्याकडे ते "नाही" असतं.

पोलिसाने विचारलं.
म्हटलं, बुटाची नाडी बांधत होते.
त्याने लगेच लिहून घेतलं. त्यालाही मुलंबाळं होती.
चार ओळी, खाली माझी सही.
मला लपवायला कुणाला गाडी आणावी लागली नाही.
मेतोदी एकोणीस दिवस जगला.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
कुणी विचारतही नाही. पाठीला डोळे नसतात.

मार्च चालू आहे. मनगटावर लाल-पांढरा धागा,
आईने बांधलेला. वर्षातला पहिला करकोचा दिसला
की सोडायचा, आणि फुलत्या झाडाला बांधायचा.
पाचव्या दिवशी पडताना बाही वर सरकली,
धागा फ्रेममध्ये आला.
कंटिन्युइटीवाल्या स्नेझानाने कपाळावर हात मारला.
आता शेवटपर्यंत साक्षीदाराच्या हातात तो हवाच.
चेहऱ्यालाही एक बांधला.
ती विचारत होती, ह्याचा अर्थ काय?
म्हटलं, हवामानाचं काहीतरी.

आज छप्पर. कमरेला दोर, टाचा कठड्याबाहेर,
खाली पुठ्ठ्याच्या खोक्यांचा ढीग.
आणि तो आला,
दक्षिणेकडून, एकटा,
पाय मागे सोडून दिल्यासारखे,
दीड गल्लीचं न्यूयॉर्क ओलांडत, घाई नाही.
खाली चाळीस माणसं. चाळिसांचे डोळे मॉनिटरवर.
ल्युबेन दोर धरून माझ्यामागे;
त्याने विचारलं, "काय गं, काही दिसलं का?"

मी मान हलवली. खाली-वर.

दिग्दर्शकाला वाटलं, तयार आहे म्हणतेय.
तो ओरडला, "ॲक्शन!"
धागा हातातच होता.