प्रश्नचिन्हं संपली त्या रात्री

साखर पेठेतल्या छापखान्यात
राजेशम गड्डम खिळे जुळवायचा.
घरी तेलुगू, गल्लीत कन्नड;
मराठी त्याला फक्त उलटी यायची,
शिशाची, बोटांनी वाचायची.
सरळ छापलेला कागद दिला
की डोळे बारीक करून म्हणायचा, हे कुणी लिहिलं?

मी पोरगा, खिळे सोडवून खणांत टाकायचो.
पूर्णविराम राळ्याच्या दाण्याएवढे,
नखात अडकून घरी यायचे.

तो सांगायचा,
हे टिंब आपलं नव्हे.
मोडी लिहिणारा बोरू उचलायचा नाही,
अख्ख्या परगण्याचा वसूल एका दमात.
पोथीत दंड असायचा, चोपदारासारखा उभा,
श्लोक संपला की दोन.
टिंब आलं साहेबाच्या छापखान्याबरोबर,
मागनं स्वल्पविराम, शेपूट हलवत,
आणि हा,
प्रश्नचिन्ह उजेडात धरून म्हणायचा,
हा तर आमच्या फणीत तार ओढायचा आकडा.

एकदा कुडलला नेलं त्यानं,
सीना भीमेला मिळते तिथं.
देवळाच्या तुळईवर जुनी मराठी ओळ.
वाचील तो जिंकेल, असं काहीसं,
पुजाऱ्यानं सांगितलं.
राजेशमचं बोट ओळीवरून गेलं
आणि ओळ संपल्यावरही
कोऱ्या दगडावर जातच राहिलं.

गिरणीचा भोंगा बंद पडून तेरा दिवस झाले
तेव्हा युनियनचा मलप्पा हँडबिल घेऊन आला.
चौदा प्रश्न.
थकलेला पगार मिळणार? बदलीवाले घेणार?
आमच्या खणात प्रश्नचिन्हं नऊ.
लग्नपत्रिका छापणाऱ्याला
जास्त लागतात कशाला?

अवग्रह उलटा बसवून पाहिला,
कुणी लांबून हाक मारतंय असं दिसलं.
रात्री दीडला राजेशमनं
उरलेल्या पाचांना टिंबं दिली.
वाचणाऱ्याला कळतंय, म्हणाला,
मोडीत कळायचंच की.

त्या पाचांतलं शेवटचं:
सोमवारी गिरणी उघडणार.

सोमवारी सातला गेटसमोर दोनेकशे माणसं.
फडक्यात कडक भाकरी, शेंगाचटणी,
रीळखात्यातल्या अंबूबाईनं तर
केसांत अबोली माळलेली.
वॉचमन आतल्या बाजूनं कुलूप धरून उभा.
दहापर्यंत कुणी हललं नाही.
मग एकेक जण कागद काढून
पुन्हा वाचायला लागला,
ओठ हलवत, शेवटच्या टिंबापर्यंत.

राजेशम पानाच्या टपरीआड होता.
बोलला नाही. दुसऱ्या दिवशी
स्वतःच्या पगारातून पुण्याच्या फाउंड्रीकडून
पाव किलो प्रश्नचिन्हं मागवली.

नंतर त्यानं पत्रिकाच जुळवल्या,
हळदी, बारशी, एक-दोन दशक्रिया.
पुडीचा दोरा तसाच.

पुढं छापखाना मोडीत निघाला.
या शब्दावर तो हसला असता.
भंगारवाल्यानं सगळं शिसं एकाच काट्यात घातलं,
टिंबं, दंड, आकडे,
आणि मला विचारलं,
एवढंच