एका ताटात दोघांनी जेवू नये

फळ्यावरचा मेनू मी उजवीकडून वाचते.
आधी आकडा, मग त्याचं नाव.
दोनशेवीस, म्हणजे मटण ताट.
एकशेतीस, अंडाकरी.
नव्वद म्हटलं की आख्खा मसूर, न बघता.
यास्मिन मुजावर म्हणते,
‘वैजे, फुकटात उर्दू शिकलीस की गं.’

लक्ष्मीपुरीत बायंडिंगच्या दुकानात
आम्ही दोघी फर्म्यांना घड्या घालतो,
वह्या शिवतो, पुठ्ठ्याला खळ लावतो.
पगार सातला.
महिन्याची पंचवीस उलटली
की शहर निराळं दिसायला लागतं.
कुठल्या मिसळवाल्याचा कट तिसऱ्यांदाही गरम येतो,
कोण स्लाइस मोजतो,
जादा कांदा देताना कोण बशीकडे बघतो
आणि कोण तोंडाकडे.

मिसळ घाईनं खायची नाही.
फरसाण तळाशी दाबून ठेवायचं,
वर नुसता कट, पुन्हा कट,
चौथ्यांदा मागायचा तो मालक फोनवर असताना.
नाकातून पाणी आलं की पोट भरलं समजायचं.
ही माझी युक्ती.
यास्मिनला तिखट चढतच नाही,
तिला बिचारीला खरोखर भरेपर्यंत खावं लागतं.

त्या बुधवारी मात्र
गल्लीच्या तोंडापासूनच वास होता.
भाजलेल्या खोबऱ्याचा, तिळाचा,
आणि त्याखाली मटणाचा.
यास्मिन थांबली. मीही थांबले.
दोघींच्या मिळून पर्सा झाडल्या: दोनशेसाठ,
त्यातले दहा चिल्लर.

खानावळ फुलाबाईंची, सहा टेबलं.
बाईंनी यास्मिनकडे बघून आधीच सांगितलं,
‘मटण बागवान गल्लीतलं हाय, बस बिनघोर.’
बसलो. समोर भिंतीवर लाल रंगात:
एका ताटात दोघांनी जेवू नये.
खाली, लहान अक्षरात:
रस्सा पाहिजे तेवढा.

‘एकच ताट,’ मी म्हटलं.
बाळकू वाढपी, राधानगरीकडचा,
खांद्यावरचा फडका काढून टेबल पुसत राहिला.
‘आणि ह्यास्नी?’
‘मी नुसतं बसतो,’ यास्मिन म्हणाली. ‘रोजा हाय.’
बाळकूनं कॅलेंडरकडे बघितलं.
‘रमजान होऊन दोन महिनं झालं की ओ.’
‘राहिलेला फेडतोय.’
‘आणि सकाळी टपरीवर च्या पिताना?’

मला हसू आलं ते नाकात गेलं.
यास्मिनचे कान लाल झाले, पुठ्ठ्याच्या पट्टीसारखे.
बाळकू काही न बोलता आत गेला.
आला तो ताट घेऊन,
आणि एक रिकामी वाटी. जड, पितळी,
आमटीच्या मापाची नव्हे, पातेल्याच्या जवळपासची.
ती तिच्यापुढे ठेवून म्हणाला,
‘पाटीवर ताट लिवलंय.
वाटीचं काय लिवल्यालं न्हाई.’

पांढरा ओतला. त्यावरचा तुपाचा ठिपका फिरत गेला
आणि काठाला टेकला.
मग तांबडा. मग परत पांढरा.
मी भाकरीचे तुकडे टेबलाखालून सरकवत होते,
जरी आता कुणीच बघत नव्हतं.
सुक्क्यात चार फोडी होत्या आणि एक नळी.
नळीवरून भांडलो.
ती जिंकली, तिनं ठोकली, मज्जा उडाली
ती माझ्या ओढणीवर.
तो डाग अजून आहे, खळीनंसुद्धा झाकत नाही.

उरलेल्या चाळिसात
गंगावेशीत म्हशीसमोर उभं राहून
एक ग्लास धारोष्ण दूध, दोघींत.
आधी फेस कुणी घ्यायचा यावरून परत भांडण.
के.एम.टी.चे पैसे उरले नाहीत, चालत गेलो.
यास्मिन सारखी ढेकर देत होती
आणि प्रत्येक ढेकरीला ‘तांबडा’, ‘पांढरा’ असं ओळखत होती.

पुढच्या बुधवारी पाटीखाली खडूनं नवी ओळ होती:
रस्सा ताटाबरोबरच मीळेल.
‘मीळेल’ दीर्घ. अक्षर बाळकूचं.
बाई गल्ल्यावर, नोटा ओल्या बोटानं मोजत.
आम्ही एकमेकींकडे बघितलं, उठायला लागलो.

तो आला. एक ताट ठेवलं.
आपणच लिहिलेल्या ओळीकडे पाठ केली
आणि फडक्याखालून वाटी काढली.