अर्धा तोळा लाल

शेटजींच्या रंगाच्या दुकानात तराजू माझ्याकडे असतो.
पंधरा वर्षं झाली, तो डबा अजून दिसतो:
जर्मन अक्षरांचा, तळाशी नखभर लाल
आणि समोर साखर पेठेतला इरय्या गुंडेटी,
कोपरापर्यंत निळे हात जोडून.

"दिवाणजी, लग्नाची सहा लुगडी आहेत.
काठापुरता द्या."

काठापुरता.
मी अर्धा तोळा तोलला.
भाव सांगताना वहीकडे बघत राहिलो.

त्या साली कुठल्याशा थंड समुद्रात
इंग्रजांच्या मनवारी आडव्या उभ्या होत्या.
गोळी न झाडता शत्रू नमवायचा!
कचेरीतला कारकून कौतुकानं सांगायचा,
नाक दाबलं की तोंड उघडतं.

खरंच होतं ते. नाक जर्मनीचं दाबलं,
तोंड साखर पेठेत उघडलं.

कोंडी हे आमच्याकडे गावाचं नाव,
पुण्याच्या रस्त्यावरचं.
सकाळी गाडी जुंपली तर दिवेलागणीला माणूस घरी.
ही दुसरी कोंडी कुठे लागते, कुठे संपते,
इरय्याला कुणी सांगितलं नाही.
त्यानं डाळिंबाच्या साली उकळल्या, मंजिष्ठ आणली,
आज्याची कृती म्हाताऱ्या आत्याला विचारली.
तिला तुरटीचं माप आठवलं, पाण्याचं नाही.
पहिल्याच धुण्यात काठ अंगभर उतरला.

ती कृती ज्या स्वस्त डब्यांनी पुसली
तेही आगबोटीनंच आले होते.
त्याला कुणी वेढा म्हणालं नाही.

आता तीस साल. चैत्र.
पायरीवर पोरं बसलीत, परदेशी माल विकू नका.
मधला, टोपी भुवयांवर ओढलेला,
इरय्याचा धाकटा, राजेशम.
विचारलं, बापाच्या रांजणात आज काय आहे रे?
म्हणाला, पाणी.

शेटजी म्हणतात, ही पण नाकेबंदीच.
दुपारभर मी तोलून बघतोय:
इकडे मनवारी, तिकडे ही पायरी.
तेव्हा उपाशी कोण राहणार ते परक्यानं ठरवलं,
हा आपलंच नाक धरून बसलाय.
काटा हलतो, नाही असं नाही.
पण चुलीला कुठलं कळतं
कोण कशासाठी विझवतंय.

उन्हं कलल्यावर राजेशमनं पाणी मागितलं.
तांब्या पुढे केला.
पितळेवर माझ्या अंगठ्याचा लाल ठसा उमटला,
कुठल्या डब्यातला, देव जाणे.
त्यानं बघितला.
मग वरून धार धरून प्याला.