चिकटपट्टी

विट्यात, शिकलगारांच्या दुकानात तासभर उभी.
छत्रीचं आणि गच्चीवरच्या जुन्या अँटेनाचं
दोन्ही एकाच डब्यात दिसायला हवं, म्हटलं,
आणि अप्पांना झेपेल असा रिमोट.
ते म्हणाले, डबा आहे,
रिमोट मात्र चव्वेचाळीस बटणांचा.

घरी येऊन चिकटपट्टी लावत बसले.
उघडी ठेवली पाचच:
चालू-बंद, आवाज कमी-जास्त,
चॅनल पुढं, चॅनल मागं.
अप्पा बघत होते, काही बोलले नाहीत.

दिवाळीला गेले तर
एक पट्टी सोललेली,
नखानं, कडेकडेनं.
आवाज पार बंद करायचं बटण.

"जाहिरात लागली की हे तेच दाबतात,"
शेंगा फोडता फोडता आई म्हणाली,
"तेवढ्यात काय ते बोलून घेतो आम्ही."