अर्धी गोळी

बांबोळीच्या डॉक्टरीणबाईंनी एवढंच सांगितलं:
वाद घालू नका. शपथा घेऊ नका.
मी तर बावीस वर्षं शपथांवरच घर चालवलं,
शांतादुर्गेची, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून,
एकदा तर पेटत्या समईवर.

हे दिवाडीच्या फेरीबोटीवर.
वरच्या केबिनमधून सगळं दिसतं:
रायबंदरला कोण चढलं, कोण कुणाशेजारी उभं राहिलं,
माझी छत्री कुठल्या बाजूला कलली.
घरी आल्यावर वही निघायची.
लांब, सरकारी, फेऱ्या नोंदवायची.
सहा पाच. सहा चाळीस. निळं पातळ. हसली.

आणि मिंगेल पोदेर.
त्याचा भोंपू दारात दोनदा वाजला
म्हणून तीन दिवस घरात उंडे आले नाहीत.
मिंगेल सत्तरीचा, गुडघे गेलेले,
सायकल चालवत नाही, तिला धरून चालतो.
मला हसू आलं. तोच पुरावा झाला.

गोळी पांढरी, मुगाच्या डाळीएवढी.
पहिले पंधरा दिवस अर्धी.
विळीवर कापताना एकदा उडाली, चुलीमागे गेली,
मुंग्यांनी हुंगली आणि सोडून दिली.
मग एक. मग दीड.
हात थरथरू लागले, उशी ओली होऊ लागली,
बोटीच्या चाकावरून यांना कचेरीत बसवलं.

संशय गेला, असं काही झालं नाही.
मी वाट बघत होते, एक दिवस म्हणतील, चुकलं माझं.
खाजणातल्या मानशीचं दार भरतीला मिटतं,
खारं पाणी बाहेर उभंच असतं,
शेतात येत नाही, इतकंच.

परवा उशिराची बोट मिळाली.
हे म्हणाले, जेवलीस?
मी तरी सगळं सांगितलं:
बस कुठे बंद पडली, शेजारी कोण, किती वेळ.
बांगड्याचा काटा काढत म्हणाले,
मी विचारलं नव्हतं.

वहीची मागची पानं कोरी होती.
तिथे आता मी लिहिते, त्याच रकान्यांत.
नऊ दहा. दीड. पाण्याबरोबर. गिळली.
कधी कधी पुढे प्रश्नचिन्ह,
कारण श्रावणात तुळशीच्या मातीत
चार गोळ्या सापडल्या.

तेव्हापासून म्हणते, आ करा. जीभ वर.
काल न सांगताच उचलली.
मी विजेरी धरली होती.
तोंड मिटून म्हणाले,
तुझा माझ्यावर विश्वास नाही ना?

शपथ अगदी ओठांवर आली होती.
गिळली.
नऊ बारा, लिहिलं. दीड. हसले.